मावशी, जरा पाणी द्या

“हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय. बोल संपदा… नाही गं, झोपले नव्हते. तिन्हीसांजेला कोण झोपतं?… आवाजाला काय झालंय? आहे तसाच आहे.”

आता आवाज तसाच होता म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. मनोरमा पाष्टे दुपारी परीक्षेहून घरी आली, ती चपला काढायच्या आधी रडली. मग तोंड धुतलं, चहा टाकला, आणि चहा गाळताना परत रडली. तो चहा साय धरून अजून ओट्यावर पडला होता. घरात दुसरं माणूस असतं तर लाजेकाजेने तरी ती सावरली असती. पण नवरा शिमग्याला गावी गेलेला. बिल्डिंगीतली निम्मी दारं रत्नागिरीकरांची, तीही कुलपं लावून गेलेली. राहता राहिली समोरची हंसाबेन. तिच्यापुढे रडायचं तर हिंदीत रडावं लागलं असतं, आणि मनोरमाची हिंदी भाजी घेण्यापुरती. म्हणून फोन वाजला तेव्हा तिला वाटलं, देव पावला. लेकीला आठवण राहिली. पेपर कसा गेला, ते विचारायला पुण्याहून फोन आलाय.

“हो, आत्ताच दिवा लावला… पप्पा? पप्पा कुठेत इथे? शिमग्याला गेलेत ना… अगं, मागच्या फोनला सांगितलेलं तुला… नाही, मी नाही गेले. एकटीच आहे… का म्हणजे? माझी परीक्षा नाही का चालू?… परीक्षा गं. दहावीची… हां, तीच ती.”

माणसाने विसरावं, पण किती, याला काही सुमार? पण बोलायचं कोणाला, विसरणारी पोटची पोर. मनोरमाने ते गिळलं. तिला गिळायची सवय होती.

“आज होता ना, बीजगणिताचा… गेला. म्हणजे… तेच तर सांगतेय तुला. आज काय झालं माहितेय? अगं ऐक ना, मी बसले होते, आणि… हं?… बरं, तू बोल आधी… काय झालं?… समिधाला बरं नाही का?… मग रडतेस कशाला? डोळे पूस आधी. पूस, आणि नीट सांग.”

झालं. परीक्षा तिथेच राहिली. लेक रडायला लागली की आईचं स्वतःचं रडणं कुठल्या कुठे पळतं. मनोरमाने पदर डोळ्यांना लावला तोही आपल्याच, कारण संपदाचे डोळे पुसायला हात पुण्यापर्यंत पोचत नव्हते.

“कोण गेली?… सुनंदा? बाळाला सांभाळते ती?… गावाला. मग आता शिमग्याला जाणारच गं ती. गुहागरची ना? त्यांच्यात शिमगा चुकवत नाहीत… नाही, मी तिची बाजू नाही घेत… हो, न सांगता जाणं वाईटच… सांगितलेलं तिने? मग तूच विसरलीस की… बरं, बरं, नाही म्हणत काही. ओरडू नको, बाळ दचकेल… आणि विहीणबाई?… नाशिकलाच अजून?… अगं बाई. पायाला प्लास्टर?… मग कशा येतील त्या… आणि तुझी सुट्टी?… हो, मार्च एंडिंग. कळतं गं मला. बँकेत मार्चला कोण देतंय सुट्टी… आणि स्वप्नीलराव?… त्यांचंही तेच. हं… हं.”

संपदा एकुलती एक. बाळंतपणाला भाईंदरलाच आली होती, आणि सव्वा महिना झाल्यावर परत जाताना रिक्षात बसून दोघी मायलेकी इतक्या रडल्या होत्या की रिक्षावाल्याने मीटर टाकायचं सोडून मागे वळून बघितलं. समिधा आता बसायला लागली होती, आणि आजीने तिला बसलेली पाहिलेलीच नव्हती. तेव्हा पुढचं वाक्य काय येणार, ते मनोरमाला ते यायच्या आधीच ठाऊक होतं.

“मी?… परवा?… परवा तू कामावर जायच्या आधी म्हणजे मला उद्याच निघायला हवं… हो, आहे ना, बोरिवलीहून एसटी आहे… संपदा, परवा भूमिती आहे… पेपर गं. भूमितीचा पेपर. अकराला.”

मग पलीकडून जे आलं, ते बरंच लांबलं.

“हो… हो… अजून पाच आहेत. पुढच्या शनिवारी संपतात… हो, तोपर्यंत सुनंदा पण येईल, बरोबर आहे तुझं… नाही, चिडले नाही. मी कशाला चिडू?… आणि खरं सांगू का, तशीही मी परवा जाणारच नव्हते… नाही गं, तुझ्यामुळे नाही. दुपारीच ठरवलं मी. आता एकही पेपर द्यायचा नाही.”

ठरवलं होतं खरं. पण ठरवलेलं सांगायला तोंड हवं ना. शाळेच्या मोठ्या बाई विचारतील, दहावीचं शिकवणारे गुणवंत सर विचारतील, त्यांना काय सांगायचं, ह्या काळजीत दुपार गेली होती, आणि बघा, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कारण आपल्या पायाने पुण्याहून चालत आलं. लेकीची नड होती म्हणून पेपर सोडले. कोण नाव ठेवेल? उलट चार बाया म्हणतील, आई असावी तर अशी.

आता ही परीक्षा म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. मनोरमा भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत मावशी. बालवर्गाची मावशी. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, कोणाची चड्डी ओली झाली तर बदलायची, आणि पहिल्या दिवशी रडणाऱ्याला कडेवर घेऊन त्याची आई गेटाबाहेर जाईपर्यंत दाराशी उभं राहायचं. वर्गाच्या बाई रजेवर असल्या की पोरांना धरून तीच बसायची. गाणी म्हणायची, मण्यांचे रंग ओळखायला लावायची. घरी येताना त्या दिवशी तिचे पाय दुखायचे नाहीत. एकदा भीत भीत तिने मोठ्या बाईंना विचारलं, की बालवाडीचा कोर्स करायचा तर काय लागतं. दहावी, त्या म्हणाल्या, आणि फाइल बघायला लागल्या.

मनोरमाची शाळा गावी नववीतच सुटलेली. पुढे कसलं शिक्षण आणि कसलं काय, लग्न आणि भाईंदर. जिथे सुटली होती, तिथूनच ती आता परत निघाली. गुणवंत सरांचा संध्याकाळचा वर्ग, बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म, ओट्यावरच्या भिंतीला पिठाच्या हातांनी चिकटवलेली सूत्रं. वर्गात सुरुवातीला बाकं भरली होती. मग कोणाची सासू आजारी पडली, कोणाला रात्रपाळी लागली, कोणाच्या नवऱ्याने नको म्हटलं. वर्ग गळत गळत चौघांवर आला, आणि त्या चौघांनाही केंद्रं वेगवेगळी मिळाली. मीरा रोडच्या केंद्रावर मनोरमा एकटी. दोन वेण्या घातलेल्या पोरींच्या रांगेत साडीतली ती एकच.

मनोरमाच्या नवऱ्याने, दत्तारामने, नको म्हटलं नव्हतं. तो म्हणाला होता, आता काय कलेक्टर होणारेस का. आणि गावची पालखी घरी येते तेव्हा तिची ओटी घरच्या सुवासिनीने भरायची असते, ती ह्या वर्षी कोण भरणार, हे त्याने जायच्या दिवसापर्यंत रोज विचारलं. शेवटी बॅग उचलून गेला. पोचल्याचा फोनही त्याने हंसाबेनकडे केला.

“का म्हणजे? विचारतेस तर सांगते… आधी बाळाला घे, रडतेय ती… घेतलंस?… हां. अगं, आज पहिलं वर्गसमीकरण सुटलं माझं. दोन्ही उत्तरं आली. ताळा करून बघितला, तो पण जुळला. म्हटलं, जमतंय की आपल्याला. पुढचं वाचत होते, तेवढ्यात सुपरवायझर बाई दाराकडे बघून म्हणाल्या, मावशी, जरा पाणी द्या ह्या पोरीला… हो, त्या तिथल्या मावशीला म्हणाल्या. ती बाहेर बाकड्यावर बसलेली… आणि मी उठले.”

“उठले म्हणजे उठले. पेन ठेवलं, टेबलावरचा जग घेतला आणि बाहेर पडले… नाही, कोणी अडवलं नाही. मला काय माहीत का? सुपरवायझर बाई त्या वेळी पुरवण्या मोजत होत्या, त्यांनी साडी बघितली असेल नुसती… नळ कुठेय तेही मला माहीत नाही त्या शाळेत. तो शोधला. जग खळखळून विसळला. भरला. आले, आणि त्या पोरीला ग्लास दिला. ती प्यायली, आणि वर बघून म्हणाली, काकू, तुमचा पेपर… हो. असंच म्हणाली. तेव्हा मला कळलं.”

“हसतेस?… हस, हस. मलाही आलं असतं हसू, दुसऱ्या कोणाचं असतं तर… नाही गं, रागावले नाही. हस तू. रडत होतीस मघाशी, त्यापेक्षा बरं.”

पुढचं मग तिने सांगितलं नाही. पेपर चालू असताना बाहेर जाऊन आलेल्या माणसाला साधं बसू देतात होय? तिला ऑफिसात नेलं. एका बाईने पदर झटकून बघितला, साडीच्या निऱ्या बघितल्या, ब्लाऊज चाचपला, चिठ्ठी आणली असेल म्हणून. मनोरमा हात वर करून उभी राहिली. मी मावशी आहे हो, एवढंच ती म्हणत राहिली, आणि त्यांना त्यातून काहीच कळेना. शेवटी कोणीतरी भल्या माणसाने समजून घेतलं आणि तिला परत बाकावर नेऊन बसवलं. पण आकडे ओळ सोडून पळत होते, आणि मागची पोरं खुसुखुसु हसत होती. त्या शाळेची खरी मावशी दारात येऊन उभी राहिली होती. ती तेवढी हसली नाही. मनोरमाला तेच जास्त लागलं.

शेवटचे दोन प्रश्न तिने सोडूनच दिले. गेटाबाहेर आया उभ्या होत्या, कोणाच्या हातात सरबत, कोणाच्या हातात डबा. एकीने तिला विचारलं, तुमची मुलगी सुटली नाही का अजून? येतेय, असं म्हणून मनोरमा तिथे थोडा वेळ उभी राहिली, आणि मग हळूच निघाली.

हे सांगायचं होतं खरं तर. ह्यासाठीच ती फोनची वाट बघत होती. पण संपदाचं हसून झालं होतं आणि ती पुढे गेली होती.

“काय?… काय आणू?… नाचणीचं सत्त्व? आहे थोडं डब्यात. तेवढं पुरेल का?… बरं… आणि जायफळ. हो, तुमच्याकडचं किडकं असतं… दुपटी? कुठली, निळ्या काठांची?… आहेत ना. माळ्यावरच्या बॅगेत… थांब हां, पाणी आलं वाटतं. दिवसाआड येतं गं, सोडून चालायचं नाही. आलेच.”

रिसीव्हर बाजूला ठेवून ती मोरीत गेली, पिंपातला मग काढला, नळ सोडला, आणि परत आली. फोनची वायर लांबलचक होती. दत्तारामने ती मुद्दाम घेतलेली, खाटेवर लोळत फोन घेता यावा म्हणून. मनोरमाने रिसीव्हर मानेत धरला, स्टूल ओढलं आणि वर चढली.

“हां, बोल, ऐकतेय… हो, माळ्यावरच बघतेय… धुळीने भरलीय बॅग, झटकते… मिळाली दुपटी. चारही आहेत… नाही गं, वास नाही येत, डांबरगोळ्या होत्या… हं… हं… पहाटे थंडी असते तिकडे? मग माझा स्वेटर पण घेते… दोन साड्या बस झाल्या. गाऊन तुझाच घालीन… हं… हो, गोधडी नको, जड होते.”

साड्या आत गेल्या. स्वेटर गेला. सत्त्वाचा डबा दुपट्यात गुंडाळून मधे ठेवला गेला. मनोरमाचे हात असल्या कामात मागेपुढे बघत नाहीत. बॅगेची चेन अर्ध्यावर अडकली, ती ओढायला ती वाकली, आणि तिथेच थांबली.

कारण ‘येते’ असं तिने अजून म्हटलंच नव्हतं. एकदाही नाही. संपदाने हाक मारली आणि ही उठली. स्टूल ओढलं, बॅग काढली, साड्या भरल्या, चेन लावायला घेतली. दुपारी जग उचलला तेव्हाही असंच झालं होतं. हाक कानावर पडली की पाय निघतात, आणि आपण मागाहून त्यांच्याबरोबर जातो.

“संपदा… नाही, आहे, ऐकतेय… एक मिनिट थांब. मी उभी आहे गं… नाही, पाय नाही दुखत. मी कधी उठले तेच कळलं नाही मला… काही नाही. तुला नाही म्हणत, माझं माझ्याशी चाललंय.”

ती खाली बसली. खाटेवर नाही, फरशीवरच, बॅगेला पाठ लावून. ह्या पोरीला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. संपदाच्या लहानपणी खेळण्यांच्या दुकानापुढे दिलेला एक नकार तिला अजून आठवत होता, आणि त्याचंही वाईट वाटत होतं.

“ऐक. मी परवा नाही येत… नाही येत, म्हणाले… हो, आत्ताच म्हणाले की पेपरला जाणार नाही. ते लाजेने म्हणाले. लाज तर अजून वाटतेय. पण जाते… अगं, तुझं कळतं मला. का नाही कळणार? शनिवारी पेपर सुटला की तिथूनच गाडी पकडते, घरी पण येत नाही. मग महिनाभर राहते, पप्पा काय म्हणायचं ते म्हणू देत… हो. पण तुला परवाच हवीय. कळलं ते.”

“पुढच्या वर्षी?… हो, परीक्षा दरवर्षी असते. शिमगा पण दरवर्षी असतो बाळा. पुढच्या वर्षी पप्पा थांबणारेत का, सुनंदा थांबणारे का?… नाही, टोमणा नाही मारत… मग स्वप्नीलरावांना सांग ना. दोन दिवस त्यांनी थांबावं, दोन दिवस तू. बाप आहेत ते तिचे… त्यांचं मार्च एंडिंग, मान्य. माझं पण मार्च एंडिंगच आहे की गं.”

हे बोलून गेली आणि तिचीच तिला गंमत वाटली. पलीकडे मात्र कोणी हसलं नाही. आता संपदाचा आवाज चढला असणार, कारण मनोरमाने रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला.

“नोकरी सोड, असं मी कुठे म्हणाले?… मुळीच सोडू नको. हौसेने लागलीस ना, मग का सोडायची?… मी स्वार्थी? असेन… असेन, म्हणतेय ना. भांडण नाही करायचं मला… तुझ्या दहावीला? आठवतं ना. त्या वर्षी आम्ही दोघांनी पालखी सोडली. तू वाचत बसायचीस आणि मी बाजूला तांदूळ निवडायचे, निवडलेलेच परत निवडायचे, तुला एकटं वाटू नये म्हणून… अगं, उपकार नाही काढत मी. तूच म्हणालीस ना, आई असून काय केलंस… नाही म्हणालीस? मला तसं वाटलं. राहू दे मग.”

मोरीत पिंप भरत आलं होतं. भरत आलेल्या पिंपाचा आवाज बारीक होत जातो, तो तिला पाठ होता. पण ती उठली नाही.

“काय होणारे पास होऊन?… माहीत नाही बाई. पास होईन की नाही तेही माहीत नाही. आजचे दोन प्रश्न कोरे सोडलेत मी… बालवाडीचं म्हणालेले ना तुला? कोर्सचं?… नव्हते म्हणाले? मग म्हणायचं राहिलं असेल. तू फोनवर असलीस की तुझंच इतकं असतं बोलायचं… नाही, तक्रार नाही. चांगलंच आहे ते.”

“संपदा, एक सांगू? मधे बोलू नको. मी परवा त्या पेपरला नाही गेले ना, तर कोणाचं काही अडणार नाही. कोणाचं म्हणजे कोणाचं. पप्पांना कळणार पण नाही. शाळेत दोन दिवस विचारतील, मग विसरतील. तिथे माझं बाक रिकामं राहील आणि त्यावर गैरहजर लिहितील, संपलं. बाकी बघशील तिथे माझ्यावाचून अडतं. तुझं बाळ अडतं, पप्पांची पालखी अडते, वर्गात पोरांचे डबे उघडायचे अडतात. उभ्या जन्मात हे एकच निघालंय, की ज्यात माझ्यावाचून कोणाचं अडत नाही. म्हणून जायचंय मला. फक्त मला हवंय म्हणून… कळलं का?… नाही कळलं तरी चालेल. मला तरी कुठे कळलं होतं आत्तापर्यंत.”

एवढं लांब ती आयुष्यात कोणाशी बोलली नव्हती. आता पलीकडून काहीतरी येईल, म्हणून ती वाट बघत राहिली. फार काही नको होतं तिला. ‘बरं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“आहेस ना?… संपदा?… अगं, रडू नको. मी पण नाही रडत, बघ… समिधा उठली वाटतं. घे तिला. पाठीवर थोपट, ढेकर काढ… हॅलो?… शनिवारी येते मी. ऐकलंस ना, शनिवारी… हॅलो?… संपदा?… हॅलो?…”

फोन कट झाला होता. की तिने ठेवला होता? ते कळायला काही मार्ग नव्हता. मनोरमाने आपल्यापुरतं ठरवून टाकलं, की कट झाला. मार्चमध्ये लाइनी जातातच, असंही तिने स्वतःला सांगितलं, त्याला काही अर्थ नव्हता तरी.

संपदाचा नंबर तिला तोंडपाठ होता. तिने दोन आकडे दाबलेही. मग बोट काढून घेतलं. परत फोन लावला असता आणि पलीकडून नुसतं ‘आई’ एवढंच आलं असतं, तरी ती ‘येते’ म्हणाली असती. स्वतःला ती पुरती ओळखून होती.

तिने रिसीव्हर जागेवर नीट बसवला, वाजला तर ऐकू यावा म्हणून. तो वाजला नाही. पिंप वाहायला लागलं तेव्हा तिने उठून नळ बंद केला, आणि मग घरात काहीच वाजेना. खाटेवर पाय घेऊन तिने भूमितीचं पुस्तक उघडलं आणि पहिलं प्रमेय मोठ्याने वाचायला घेतलं, कारण घरात कोणाचा तरी आवाज हवा होता.